लवंग-दालचिनीच्या स्वस्त कलोनविषयी चार जणांची चार मते का पडतात?

प्रश्न: घणसोलीहून एका वाचकांनी लिहिले आहे, "काही शे रुपयांत मिळणारे, लवंग-दालचिनीच्या उबदार वासाचे एक पुरुषी कलोन मी गेल्या दिवाळीत घेतले. ठाण्याला राहणारे माझे वडील म्हणतात, हाच खरा पुरुषी वास. ऐरोलीच्या ऑफिसातील तरुण सहकारी म्हणतात, हा आजोबांचा वास. मेहुण्यांच्या मते तो अर्ध्या तासात उडून जातो. पत्नीचे म्हणणे असे की गाडीत तो दिवसभर राहतो आणि तिचे डोके दुखते. विकत घेण्यापूर्वी मी वाचलेली मतेही अशीच एकमेकांच्या विरुद्ध होती. यांतले खरे कोण, आणि मोठी बाटली घ्यावी की नाही?"

उत्तर: या चार मतांपैकी आपल्या पत्नीचे मत सर्वांत वजनदार आहे, आणि हे मी आपल्या घरात शांतता राहावी म्हणून म्हणत नाही. आपले वडील आणि सहकारी मुख्यतः स्वतःच्या आठवणींविषयी बोलत आहेत आणि मेहुणे स्वतःच्या नाकाविषयी. पत्नी मात्र त्या कलोनविषयीच बोलत आहेत, कारण ते कोठे, किती वेळ आणि कोणता परिणाम करते हे त्यांनी सांगितले आहे. सुगंधाविषयीच्या बहुतेक मतांत नेमका हाच तपशील गाळलेला असतो आणि मग तीच मते एकमेकांच्या विरुद्ध दिसू लागतात.

तुर्भे-महापे पट्ट्यातील एका सुगंध-प्रयोगशाळेत मी अनेक वर्षे मूल्यमापकाचे काम केले. मूल्यमापक स्वतः सुगंध रचत नाही. रचणाऱ्याने केलेले नमुने कंपनीच्या मागणीशी, ठरलेल्या भावाशी आणि वापरणाऱ्याच्या सवयीशी ताडून पाहणे हे त्याचे काम. ठाण्याच्या वेशीवर असलेल्या मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधन व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. तेथून किंवा अन्य कोठून शिकून आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींना सुरुवातीलाच एक शिस्त लावली जाई: नुसते "छान" किंवा "उग्र" असे लिहायचे नाही, तर वास कागदी पट्टीवर घेतला की त्वचेवर, लावल्यापासून किती मिनिटांनी घेतला आणि खोलीत पंखा होता की एसी, हे आधी लिहायचे. या नोंदी नसतील तर शेरा कितीही सुंदर शब्दांत असला तरी तो बाजूला ठेवला जाई. आपण वाचलेल्या मतांना हीच चाळणी लावून पाहा. त्यांतली निम्मी तरी गळून पडतील, असा माझा अंदाज आहे.

आता प्रत्यक्ष वासाकडे वळू. आपण ज्या प्रकारच्या कलोनविषयी विचारत आहात त्या घराण्यातील आपल्याकडे सर्वांत परिचित नाव म्हणजे ओल्ड स्पाइस. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांच्या शुल्टन कंपनीने १९३७ मध्ये हे नाव प्रथम स्त्रियांसाठी बाजारात आणले आणि १९३८ मध्ये पुरुषांसाठीची मालिका काढली. १९९० मध्ये ते प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीकडे गेले. जर्मनीत १९५९ साली आलेले टबॅक ओरिजिनल आणि अमेरिकेत १९८१ साली कोटी कंपनीने काढलेले स्टेट्सन हीसुद्धा याच उबदार वळणाची आणि सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी नावे. तपशील वेगवेगळे असले तरी बांधणी ढोबळ मानाने सारखी असते. वरच्या थरात संत्रे-लिंबाच्या जातीचा ताजेपणा, मधल्या थरात लवंग, दालचिनी, जायफळ आणि लवंगेच्याच अंगाने जाणारे कार्नेशनचे फूल, आणि तळाशी व्हॅनिला, टोंका नावाचे सुगंधी बी, ऊद, देवदार आणि कृत्रिम कस्तुरी.

या बांधणीत एक गोष्ट अशी आहे की जी सामान्य वापरणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. सुगंध रचणाऱ्याला कंपनी प्रथम भाव सांगते, म्हणजे अर्काच्या किलोमागे इतके रुपये, त्यापुढे जायचे नाही. कमी भावात चांगला गुलाब, मोगरा किंवा चंदन उभे करणे अतिशय अवघड असते. वापरणाऱ्याला ती तडजोड लगेच जाणवते आणि तो म्हणतो की हा साबणाचा वास आहे. लवंग-दालचिनीच्या घराण्याचे तसे नाही. लवंगेच्या वासाचा प्राण असलेले युजेनॉल लवंगेच्या झाडाच्या पानांपासून काढलेल्या तेलातून मुबलक मिळते. व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन १८७४ पासून आणि टोंकाचा गोड, वाळलेल्या गवतासारखा गंध देणारे कुमारिन १८६८ पासून प्रयोगशाळेत बनवता येते, आणि ही दोन्ही द्रव्ये आज महागड्या सुगंधांच्या तुलनेत नगण्य भावात मिळतात. महागड्या बाटलीतील लवंग आणि स्वस्त बाटलीतील लवंग पुष्कळदा एकाच पिंपातून आलेली असते, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच "स्वस्त आहे म्हणजे हलके असणार" हा सरसकट शेरा या एका घराण्याच्या बाबतीत मला मान्य नाही. स्वस्तात चांगला पुरुषी सुगंध हवा असेल, तर मी स्वतः आधी याच वळणाकडे पाहीन.

स्वस्तपणा लपत मात्र नाही. तो दोन ठिकाणी दिसतो. पहिले ठिकाण म्हणजे अगदी सुरुवातीची काही मिनिटे. चांगला बर्गामॉट, म्हणजे लिंबाच्या जातीच्या एका फळाच्या सालीचा अर्क, महाग असतो, म्हणून त्याच्या जागी संत्र्याच्या सालीतून निघणारा स्वस्त भाग वापरला जातो. शिवाय अर्क अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर तो काही आठवडे मुरू द्यावा, थंड करून गाळावा आणि मग बाटलीत भरावा ही जी रीत आहे, तिच्यातले दिवस भावाच्या दबावाखाली कमी केले जातात. परिणाम असा की झाकण उघडताच नाकात अल्कोहोलचा झणका बसतो आणि अनुभव नसलेला माणूस त्याच क्षणी मत बनवून मोकळा होतो. दुसरे ठिकाण म्हणजे चौथ्या-पाचव्या तासानंतरचा तळ. तेथे चांगल्या प्रतीची कस्तुरी-द्रव्ये आणि लाकडी द्रव्ये लागतात, ती महाग असतात, आणि म्हणून स्वस्त कलोनचा शेवट बहुधा नुसत्या गोड पावडरीसारखा होतो. मधला भाग, म्हणजे साधारण विसाव्या मिनिटापासून तिसऱ्या तासापर्यंतचा भाग, बहुतेक वेळा निर्दोष असतो. दुकानात मनगटावर फवारा मारून तेथेच निर्णय घेणारा, दिवसभर लावून संध्याकाळी मत देणारा आणि दुसऱ्याच्या अंगावरचा वास घेऊन बोलणारा, हे तिघे तीन वेगवेगळ्या भागांविषयी बोलत असतात.

याचे कारण भौतिक आहे. संत्र्यातील लिमोनिन १७६ अंश सेल्सियसला उकळते, युजेनॉल सुमारे २५४ अंशांना, व्हॅनिलिन सुमारे २८५ अंशांना आणि कुमारिन ३०० अंशांच्या आसपास. अंगावर यांतले काहीच उकळत नाही हे खरे, पण उडून जाण्याचा क्रम साधारण हाच राहतो. संत्रे काही मिनिटांत जाते, लवंग काही तास टिकते, आणि व्हॅनिला-टोंका सदऱ्याच्या कॉलरवर दुसऱ्या दिवशीही सापडते. म्हणजे ज्याला लवंग आवडते आणि व्हॅनिला नको असते, त्याला हे कलोन दुपारी आवडते आणि रात्री नकोसे होते.

मेहुण्यांच्या "अर्ध्या तासात उडतो" या तक्रारीला दोन स्पष्टीकरणे आहेत. त्यांपैकी कोणते लागू आहे हे बाटली पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही, पण दोन्ही तपासता येतील.

पहिले असे की एकाच नावाखाली वेगवेगळा माल असतो. आफ्टरशेव्ह लोशनमध्ये सुगंधी अर्काचे प्रमाण बहुधा एक ते तीन टक्के असते, कलोनमध्ये ढोबळ मानाने दोन ते पाच टक्के, आणि ओ द ट्वालेत म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत पाच ते पंधरा टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घरोघरी होते ते मुख्यतः आफ्टरशेव्ह, म्हणजे दाढीनंतर गालांवर चापटी मारून लावायचे, क्षणभर झोंबणारे पाणी. त्याचे काम त्वचा शांत करण्याचे आणि थोडा वेळ दरवळण्याचे. ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे. त्याच नावाचा गॅसवर चालणारा डिओडरंट फवारा ही तर आणखी वेगळी वस्तू. त्यात, एकाच नावाचा अर्कसुद्धा देशागणिक आणि काळागणिक बदलतो. परदेशातील काही जुने चाहते भारतात बनलेली ओल्ड स्पाइसची बाटली मुद्दाम मागवून घेतात, कारण ती जुन्या वासाच्या अधिक जवळची आहे असे त्यांचे मत आहे. त्या मताच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. इतकेच सांगतो की अमेरिकेत बसून लिहिलेला शेरा आपल्या हातातील बाटलीला लागू पडेलच असे नाही.

अर्क बदलण्यामागे नेहमी काटकसरच असते असेही नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना, जिला आमच्या धंद्यात सगळे इफ्रा म्हणतात, ती कोणते द्रव्य त्वचेवर किती प्रमाणात चालेल याच्या मर्यादा घालून देते. कार्नेशनचा जुन्या पद्धतीचा भरदार गंध ज्या आयसोयुजेनॉलवर उभा असे, त्याची त्वचेला ॲलर्जी होते असे दिसल्यामुळे त्याच्यावर फार कडक मर्यादा आली. मस्क अँब्रेट नावाची जुनी, अत्यंत लोकप्रिय कृत्रिम कस्तुरी उन्हात त्वचेला त्रास देते म्हणून बाद झाली. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या मसालेदार सुगंधाची आठवण सांगणारे ज्येष्ठ गृहस्थ "आता पूर्वीसारखा वास राहिला नाही" असे म्हणतात, तेव्हा तो नेहमीचा स्मरणरंजनाचा सूर नसून रासायनिक दृष्ट्या अचूक विधान असण्याची बरीच शक्यता असते.

दुसरे स्पष्टीकरण नाकाचे. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणे थांबवते, आणि हे फार लवकर घडते, पुष्कळांच्या बाबतीत पंधरा-वीस मिनिटांत. तुर्भ्याच्या मसाला बाजारात बाहेरून येणाऱ्याला गेटापासूनच लवंग, दालचिनी आणि मिरचीचा खाट जाणवतो. तेथे दिवसभर पोती उचलणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, कसला वास? आपले मेहुणे स्वतःच्या मानेवर लावलेले कलोन सतत हुंगत असतात, म्हणून त्यांना ते उडालेले वाटते आणि ते पुन्हा फवारा मारतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या डब्यात त्यांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या प्रवाशाचे मत वेगळे असणार, याविषयी मला शंका नाही. तपासायचे असेल तर सोपे आहे: त्यांनी सकाळी एकदाच लावावे आणि दुपारी बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारावे. स्वतःला विचारू नये.

याशिवाय प्रत्येकाचे नाक जन्मतःच वेगळे असते, आणि ही केवळ बोलण्याची पद्धत नाही. वास ओळखणाऱ्या ग्राहक प्रथिनांचे जनुक-कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उघड केले आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात अशी सुमारे चारशे ग्राहके काम करतात आणि त्यांच्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतो. अँड्रोस्टेनोन नावाचे एक द्रव्य काहींना घामट व किळसवाणे, काहींना गोडसर वाटते, तर काहींना त्याचा वासच येत नाही. यामागे एका ग्राहकाच्या जनुकातील फरक आहे हे २००७ मध्ये दाखवले गेले. कस्तुरी-द्रव्यांच्या बाबतीत असेच घडते. एखाद्याला एक विशिष्ट कस्तुरी मुळीच जाणवत नाही. स्वस्त मसालेदार कलोनच्या तळाशी जर नेमकी तीच कस्तुरी असेल, तर त्याच्यापुरते ते कलोन तिसऱ्या तासाला संपते आणि शेजारी बसलेल्याला सहाव्या तासालाही येत राहते. अलीकडच्या स्वस्त फवाऱ्यांत जी तीव्र लाकडी-अंबर जातीची द्रव्ये घालतात त्यांचेही असेच आहे: अनेकांना ती "उबदार" वाटतात, आणि काहींना सुईसारखी टोचतात.

आता वडिलांच्या "खरा पुरुषी" आणि सहकाऱ्यांच्या "आजोबांचा" या शेऱ्यांकडे येऊ. माझ्या मते दोघांनी एकच गोष्ट सांगितली आहे, फक्त वेगवेगळ्या वयातून. ज्या काळात बाजारात पुरुषांसाठी मोजकेच वास होते, त्या काळात दाढी झालेल्या वडीलधाऱ्या माणसाचा वास म्हणजे हाच. त्या काळी तरुण असलेल्यांना तो कर्तेपणाचा वाटतो. त्या काळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता त्यांना तो आजोबांच्या कपाटाचा वाटतो. आपले सहकारी लहानपणापासून समुद्री, फळांचे आणि च्युइंगमसारखे गोड फवारे हुंगत वाढले. त्यांच्या कानी, म्हणजे खरे तर नाकी, हा स्वर जुना लागणारच. यात वासाचा दोष काहीच नाही आणि गुणही नाही. मात्र आपल्याला ऑफिसातच तो लावायचा असेल, तर त्या शेऱ्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण तेथे आपल्या आठवणींपेक्षा आसपासच्या लोकांच्या आठवणी जास्त संख्येने असतात.

आठवणींचा आणखी एक धागा आपल्याकडच्या मतांत वारंवार दिसतो: "दंतवैद्याच्या दवाखान्याचा वास येतो." हा शेरा मी मूल्यमापनाच्या बैठकांत इतक्या वेळा ऐकला आहे की त्याची वाटच पाहत असे. तो चुकीचा मुळीच नाही. दाताच्या तात्पुरत्या भरणीत झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल वापरतात आणि घरोघरी दाढ ठणकली की लवंगेचे तेल लावतात. तोच रेणू कलोनमध्ये असतो. ज्याने लहानपणी दाढ काढून घेतली आहे त्याला हे कलोन सुखाने लावता येईल, अशी अपेक्षा करू नये. पाश्चात्त्य लेखकांच्या मतांत हा सूर क्वचितच असतो. तेथे लवंग-दालचिनी म्हटले की नाताळ, सफरचंदाची मिठाई आणि थंडीतली शेकोटी आठवते, म्हणून ते या वासाला घरगुती आणि सणासुदीचा म्हणतात. आपल्या घरात तीच लवंग गोड्या मसाल्यात, मसालेभातात आणि विड्याला टोचलेली असते. काहींना त्यामुळे हा वास आपलासा वाटतो, काहींना वाटते की अंगाला स्वयंपाकघराचा वास येतो आहे. माझा अनुभव असा की दालचिनी जास्त आणि लवंग कमी असलेले मिश्रण आपल्याकडे कपड्यांवर चांगले स्वीकारले जाते, आणि उलट प्रमाण असेल तर दवाखाना आठवतो.

हवेविषयी लिहिल्याशिवाय हे उत्तर ठाण्या-बेलापूरच्या माणसाला उपयोगाचे होणार नाही. उबदार, गोड, मसालेदार सुगंध मुळात थंड आणि कोरड्या हवेच्या प्रदेशात घडला. थंडीत द्रव्ये सावकाश उडतात, म्हणून तेथे दोन-तीन फवारे मारूनही वास अंगाजवळच राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो आणि दमटपणामुळे घाम सुकत नाही. तेवढेच फवारे मारले तर पहिल्या तासातच सगळा माल हवेत येतो आणि ज्याला आपण भपका म्हणतो तो उठतो. घाम आणि व्हॅनिला यांचे मिश्रण तर फारच कमी लोकांना शोभते. त्याच माणसाला एसीच्या खोलीत बसवले की तोच वास सभ्य होतो. लोक कलोनला दोष देतात, तेव्हा पुष्कळदा दोष महिन्याचा असतो. हा प्रकार डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात, संध्याकाळी आणि मोकळ्या जागेत वापरावा असे मी सांगेन. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना ती मुदत थोडी लांबवता येईल, कारण तेथे रात्री हवा थोडी उतरते.

आपल्या पत्नींच्या डोकेदुखीकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण ती या प्रश्नाची सर्वांत गंभीर बाजू आहे. लवंग, दालचिनी हे "गरम" वास वाटतात ते केवळ वासामुळे नाही. चेहऱ्यावरील ट्रायजेमिनल नावाचा मज्जातंतू, जो मिरचीचा तिखटपणा आणि कांद्याची झोंबणी मेंदूला कळवतो, तोसुद्धा या द्रव्यांनी चेतवला जातो. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड ज्या ग्राहक प्रथिनावर काम करते, त्याच प्रथिनावर मोहरीचा झणझणीतपणाही काम करतो. म्हणजे वास आवडत नसल्यामुळे डोके दुखते असे नव्हे. वास आवडत असूनही ज्यांचा हा मज्जातंतू संवेदनशील आहे, विशेषतः ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे, त्यांना तीव्र सुगंधाने डोके उठू शकते. बंद काचांची, उन्हात तापलेली गाडी ही त्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे, कारण तापलेल्या आसनाच्या कापडातून कालचे कलोनही पुन्हा हवेत येते. "सवय होईल" असे त्यांना सांगू नका. गाडीने जायचे असेल त्या दिवशी हे कलोन लावू नका, आणि आसनांची खोळ धुऊन टाका. या बाबतीत याहून हुशार उपाय माझ्याजवळ नाही.

त्वचेविषयी थोडे. युरोपात २००३ च्या नियमानुसार २६ सुगंधी द्रव्ये लेबलवर नावानिशी लिहावी लागू लागली. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापायचे. त्या यादीत युजेनॉल, आयसोयुजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल आणि कुमारिन हे चारही आहेत, म्हणजे हे घराणे जवळजवळ संपूर्ण त्या यादीत बसते. आपल्याकडेही अनेक बाटल्यांवर ही नावे बारीक अक्षरांत सापडतात. ती असणे म्हणजे माल वाईट असे नव्हे. परंतु दाढीनंतर लाल चट्टे उठत असतील, तर गालांवर न लावता सदऱ्याच्या आतून छातीवर लावून पाहावे, आणि तेथेही खाज आली तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पांढऱ्या सदऱ्यावर थेट फवारू नये. व्हॅनिलिन आणि युजेनॉल ही दोन्ही द्रव्ये काळाबरोबर तपकिरी पडतात, आणि "याचे डाग पडतात" ही तक्रार मी तरी खरीच मानतो. बाटली बाथरूममध्ये किंवा खिडकीत ठेवली तर आतील अर्कही तसाच गडद होतो आणि वरचा संत्र्याचा थर आंबूस लागतो. या प्रकारच्या कलोनच्या जुन्या बाटल्या पांढऱ्या, अपारदर्शक असत, त्याचा एक फायदा प्रकाशापासून बचाव हाही होता.

स्टेशनबाहेरच्या टोपलीतून किंवा अनोळखी विक्रेत्याकडून अर्ध्या किमतीत घेतलेल्या बाटलीविषयी कोणी मत दिले असेल तर ते मी मोजणार नाही. बाटली व खोका यांवर निर्मात्याचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची व वापराच्या मुदतीची तारीख असते. खोक्यावरचा बॅच क्रमांक आणि बाटलीवरचा क्रमांक जुळतो का हे पाहायला एक क्षण पुरतो. भरून विकलेल्या खोट्या बाटलीत पहिल्या मिनिटाची लवंग हुबेहूब असते, कारण ती स्वस्त आहे. मधला भागच नसतो. "अर्ध्या तासात उडतो" या मताचे हे तिसरे कारण असू शकते, आणि मेहुण्यांची बाटली वेगळी असेल, तर त्यांनी ती कोठून घेतली हे विचारायला हरकत नाही.

मोठ्या बाटलीविषयी माझे उत्तर "नको" असे आहे. ऑफिसात सहकाऱ्यांमुळे आणि गाडीत पत्नीमुळे आपला वापर हिवाळ्यातील संध्याकाळींपुरता आणि वडिलांकडे जाण्याच्या दिवसांपुरता राहील. वर्षभरात ५० मिलीची बाटलीसुद्धा संपणार नाही, आणि उघडलेली मोठी बाटली ठाण्याच्या दोन पावसाळ्यांत वरचा ताजेपणा गमावून बसेल. लहान बाटली घ्या, ती कपाटात, खोक्यासकट ठेवा, एका वेळी एकच फवारा सदऱ्याच्या आत मारा, आणि वडिलांना आवडतेच आहे तर सध्या हातात असलेली बाटली त्यांना देऊन टाका. ते ती दाढीनंतर लावतील आणि मार्चच्या आत संपवतील.